धावणाऱ्या सैनिकाला थांबवायचं कसं?

अर्धवट_पलटण
मंडळी, एका पायापाशी अडकलोय म्हणून हा धागा.

माझ्याकडे टेबलावरच्या युद्धखेळातल्या, २८ मिमी मापाच्या प्लास्टिक भालाईतांची पलटण आहे, तीस जणांची. गडी आडदांड आहेत, चिलखतही सुरेख, पण पायांच्या जोड्या मोजून पाच प्रकारच्या आणि पाचही धावत्या. टेबलावर मांडले की लढाई कमी, शर्यत जास्त वाटते. त्यातल्या एकाचा मला झेंडेकरी करायचाय. दमलेला, झेंड्याच्या काठीवर भार टाकून उभा, आता काही झालं तरी इथून हलणार नाही असा.

काल रात्री बसून मागे उडालेला पाय मांडीपाशी निपरने (छोट्या कटर-पकडीने) कापला, सरळ करून सुपरग्लूने डकवला. हात दुसऱ्या किटमधून आणला. काठी म्हणून पितळी तार. उभा राहिला खरा, पण दमलेला काही वाटत नाही, पडता पडता थिजलेला वाटतो. शिवाय कापलं तिथे हा एवढा खड्डा. पोझ नेमकी कुठे हुकली आणि खड्डा कशाने बुजवू? रंगाचं पुढे विचारेन, आधी हा उभा राहू दे.

चिमटा
निपर लावलात तिथेच माती खाल्लीत. निपर कापत नाही, दोन्हीकडून चेपून तोडतो. स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, भाग सुटा करायला ठीक आहे, तिथेसुद्धा मी थोडी दांडी राखून तोडतो आणि उरलेली सुरीने काढतो. अंगात शिरायचं असेल तर बारीक दातांची करवत. तीही आपल्या पात्याच्या जाडीइतकं प्लास्टिक खाते, त्यामुळे दोन काप दिले की पाय आखूड होतो. तेवढ्या जाडीची प्लास्टिककार्डची (पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची) चकती मध्ये घातली की हिशेब पुरा.

आणि प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना सुपरग्लू कशाला? प्लास्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवतं, त्या एकमेकींत मिसळतात आणि वाळल्या की एकच तुकडा होतो. सुपरग्लू नुसता मध्ये बसून राहतो, बाजूने झटका बसला की कडकन सुटतो. तुमच्या बाबतीत मात्र हे पथ्यावर पडलं. मांडीला बाजूने एक टिचकी मारा, पाय परत सुटा.

अर्धवट_पलटण
टिचकी मारली. पाय शोधतोय.

सापडला. कपाटाखाली होता.

भिंगवाली
पाय परत लावायची घाई करू नका. चूक पायात नाहीच, कमरेत आहे.

जरा उठून उभे राहा. खरंच उठा. सगळं वजन डाव्या पायावर टाका, उजवा गुडघा ढिला सोडा. आता कमरेवर दोन्ही हात ठेवा. डावीकडची बाजू वर आलीय, उजवी खाली गेलीय. खांद्यांचं बरोबर उलटं: डावा उतरलाय, उजवा चढलाय. आणि डोकं जवळपास डाव्या टाचेच्या वर आलंय. माणूस थकून उभा राहतो तो असा, कुठेतरी वाकडा होऊन. तुमच्या गड्याची कमर आणि खांदे दोन्ही पट्टीने आखल्यासारखे समांतर आहेत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छाती अजून पुढे झुकलेली आहे. धावणारा माणूस पुढे पडतच असतो, दर पावलाला स्वतःला सावरत असतो. तुम्ही सावरणारा पाय काढून घेतलात आणि पडणं तसंच ठेवलंत. म्हणून तो थिजलेला दिसतोय.

तेव्हा कमरपट्ट्याच्या खालच्या कडेने कापा. सांधा पट्ट्याखाली दडतो, पुट्टी कमी लागते. धड मागे घ्या आणि किंचित बाजूला कलवा. काठी ज्या हातात आहे तो खांदा भारामुळे वर ढकलला जातो, पार कानाजवळ. तेवढं केलं आणि हनुवटी छातीकडे आणली की काम झालं. चेहऱ्यावर थकवा कोरत बसू नका, हातभर अंतरावरून मान कुठे कललीय एवढंच कळतं.

काहीही चिकटवण्याआधी सगळे तुकडे ब्लू टॅकवर (पुन्हा निघणाऱ्या चिकट लगद्यावर) उभे करा. दिव्याच्या पुढे मॉडेल ठेवा, पलीकडून डोळे बारीक करून बघा. नुसत्या काळ्या आकृतीत तो दमलेला वाटला तरच सिमेंट उघडा.

नवखी_०१
हे वाचून मी ऑफिसात खुर्चीतून उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरून "पाठ धरली का?" अशी चौकशी झाली.

स्प्रूमास्तर
भिंगवालीताईंनी पोझ सांगितली, मी लोखंडाचं सांगतो.

कमरेतून कापलेलं धड आणि काठीवरचा हात, या दोन्ही ठिकाणी पिन घाला. हातड्रिलने एका बाजूला १ मिमीचं भोक पाडा, सरळ केलेल्या पेपरक्लिपचा तुकडा बसतो का बघा, नसेल तर तार बारीक घ्या. समोरच्या बाजूचं भोक नेमकं कुठे पाडायचं हा सगळ्यांचा रडका प्रश्न. पिनच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावायचा आणि दोन्ही भाग एकदा टेकवायचे. ठिपका उमटेल तिथे भोक. ड्रिल फिरवण्याआधी सुरीच्या टोकाने तिथे बारीक खळगी करा, नाहीतर ड्रिल घसरून अंगठ्यात जातं. माझ्या अंगठ्याला विचारा.

पिन सुपरग्लूने, प्लास्टिकच्या कडा सिमेंटने. दोन्ही एकाच सांध्यात चालतात, फक्त एकमेकांवर ओतू नका.

फटी केसाएवढ्या असतील तर स्प्रू गू करा. सिमेंटच्या जवळपास संपलेल्या बाटलीत स्प्रूचे बारीक तुकडे टाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मधासारखं दाट होतं. ते फटीत भरायचं आणि विसरून जायचं. विसरा हे मुद्दाम सांगतो. वरून वाळलेलं दिसतं, आत मऊ असतं, लवकर घासलंत तर पुढे आक्रसून परत चर पडतो. मी दोन दिवस हात लावत नाही. खड्डा मोठा असेल तर मात्र पुट्टीच.

अर्धवट_पलटण
पुट्टी म्हणजे ती निळी-पिवळी पट्टी ना? मागच्या वेळी मळली तेव्हा त्यात खडेच खडे लागले. जुनी झाली असावी.

स्प्रूमास्तर
जुनी नाही. दोन्ही रंग पट्टीत जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे ती आपोआप घट्ट होत राहते, तेच खडे. मधली बारीक चिंधी सुरीने कापून टाका आणि मग मळा, हिरवा रंग एकसारखा होईपर्यंत, पाच मिनिटं तरी. निळा भाग जास्त घेतलात तर वाळल्यावर कडक होते, कडा धारदार येतात, शस्त्राला चांगली. पिवळा जास्त घेतलात तर मऊ आणि चिकट, कापडाला बरी.

तुमच्या गड्याला अंगरखा किंवा झूल द्यायची असेल तर मळल्या मळल्या लगेच लावायला जाऊ नका, बोटाला चिकटून सगळं ओढून आणते. ओल्या गुळगुळीत प्लास्टिकवर पातळ लाटा, अर्धा तास तशीच ठेवा. थोडी ताठ झाली की कडा सरळ कापा, मग खांद्यावरून सोडा आणि घड्या पाडा. घड्या नेहमी कुठूनतरी निघतात: खांद्यावरच्या बकलपासून, कोपरापासून, पट्ट्यापासून. मधेच उगवलेली घडी कापडाची वाटत नाही, सुरकुती वाटते. हत्यार सतत ओलं ठेवा. आणि एका बैठकीत एकच बाजू. मागची बाजू करताना पुढच्या बाजूवर अंगठ्याचा ठसा उमटणार, हे लिहून ठेवा.

जुनं_शिसं
तुम्ही पोरं प्लास्टिकमुळे लाडावलात. सिटाडेल ही मूर्ती बनवणारी कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली तेव्हा सगळं धातूचं होतं. कमरेत कापायचं म्हणजे अर्धी संध्याकाळ करवत चालवायची. पाय वाकवायचा तर पक्कड लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं. एकदा वाकवलेला चालतो, पुन्हा सरळ करायला गेलात की तुटतो.

अवांतर, पण सांगतोच. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले तेव्हा फासे नव्हते, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवून समोरचा सैनिक खरोखर पाडायचा. रंगाचे पातळ पारदर्शक हात देत ग्लेझिंग करत बसणाऱ्यांनी कल्पना करून पाहावी.

कुणाच्या हाती जुन्या धातूच्या मूर्ती आल्या तर एक लक्षात ठेवा. त्यात शिसं असतं. कोरडं घासू नका, काम झालं की हात धुवा. पांढरी-राखाडी भुकटी धरलेली दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका, शिसं कुजतंय.

नवखी_०१
माझ्याकडे रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेचा) एक सेनापती आहे, त्याची तलवार केळीच्या पानासारखी वाकलीय. त्यालाही सिमेंट चालेल का?

चिमटा
नाही. सिमेंटला रेझिनशी काही देणंघेणं नाही, तिथे सुपरग्लूच. तलवार गरम पाण्यात धरा, मऊ झाली की सपाट जागेवर सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात. त्याआधी सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, साच्यातून सुटावं म्हणून लावलेला ओशट थर असतो, तो राहिला तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) सोलपटासारखा निघतो. घासताना ओलं करून घासा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ फुफ्फुसात नको.

नियमनाना
रंगात उतरण्याआधी बेसचं, म्हणजे मूर्तीखालच्या चकतीचं, बघा. किटात २५ मिमीचा बेस आला असेल तर झेंडेकऱ्यालाही २५ च द्या. लोक कन्व्हर्जन, म्हणजे असली कापाकापी, करताना दगड, ओंडका, शत्रूचं ढालीसकट प्रेत असं रचत जातात आणि मग मॉडेल मावेना म्हणून बेस मोठा करतात. अंतरं बेसच्या कडेपासून मोजतात हो. आणि ज्या खेळांत मॉडेलच्या डोळ्यांतून कोण दिसतं ते बघावं लागतं, तिथे दीड इंच उंच खडकावर चढवलेला गडी भिंतीपलीकडचं बघतो, किंवा गुडघ्यावर बसवलेला गडी भिंतीमागे गायब होतो. तुमच्या मनात पाप नसेलही, समोरच्याच्या मनात शंका येतेच.

झेंड्याचं कापड उंचीत धरायचं की नाही हे खेळ सुरू करण्याआधी बोलून घ्या. मी यावरून झालेलं भांडण पाहिलंय, दोघे अजून बोलत नाहीत.

अर्धवट_पलटण
आठ दिवसांनी हजर. कमरेत कापला, मागे कलवला, खांदा कानाला नेला. ब्लू टॅकवर उभा करून बायकोला विचारलं, हा काय करतोय? म्हणाली, "बसची वाट बघतोय." म्हणजे थांबलाय एवढं नक्की. मान आणखी खाली केल्यावर "बस चुकलीय" वर आलो. तिथे थांबलो आणि सिमेंट लावलं.

झूल दोनदा केली. पहिलीवर अंगठा उमटला.

आता रंग. झूल तांबडी, झेंडा पिवळा, चिलखत साखळीचं. पूर्वी तांबड्याला उजाळा द्यायला पांढरा मिसळला तर गुलाबी झालं होतं, आणि पिवळ्याचे सहा हात देऊनही खालचा काळा दिसत होता.

रात्रपाळी
मी तीसच्या तीस एका आठवड्यात संपवतो, माझं ऐका. काळा प्रायमर, वरून राखाडीचा ड्रायब्रश (जवळपास कोरडा कुंचला उंचवट्यांवर घासणं), मग त्याहून हलका पांढऱ्याचा, आणि त्यावर एकच हात पातळ पारदर्शक रंगाचा. २०१९ मध्ये असे कॉन्ट्रास्ट रंग आले तेव्हापासून मी लेयरिंग (थरावर थर चढवत उजळणं) सोडलं. उंचवटे आपोआप उजळ, खाचा आपोआप गडद. कशाला हवा उजाळा? रंगलेली पलटण टेबलावर उतरणं महत्त्वाचं. वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाच्या २०२० च्या आवृत्तीत तर पूर्ण रंगवलेल्या सैन्याला सरळ १० गुण होते, आणि त्याला मूळ रंग आणि सजवलेला बेस एवढंच पुरायचं. डोळ्यातली बाहुली कुणी विचारत नव्हतं.

भिंगवाली
एकोणतीस जणांसाठी रात्रपाळी म्हणतात तेच करा, माझंही तेच मत आहे. तिसाव्यासाठी नको. पारदर्शक रंग सपाट पृष्ठभागावर डबकं करतो आणि कडेला डाग सोडतो, आणि हाताने केलेल्या झुलीच्या घड्या साच्यातल्या घड्यांइतक्या खोल नसतात, तिथे तो रंग चालत नाही. शिवाय नजर जिथे यायला हवी तिथे रंगही वेगळा वागला पाहिजे.

तांबड्याला पांढरा नको, नारिंगी. मूळ तांबडा, घडीच्या तळाला त्यातच थोडा गडद तपकिरी, वरच्या कडेला तांबडा अधिक नारिंगी, आणि शेवटची रेघ अगदी टोकाला थोड्या त्वचेच्या रंगाची. पिवळ्याचं दुखणं वेगळं आहे. पिवळं रंगद्रव्य झाकत नाही, त्यामुळे काळ्यावर सहा काय, दहा हातही पुरायचे नाहीत. झेंडा आधी पांढरा करा, त्यावर फिकट गुलाबी किंवा गेरूसारखा पिवळट तपकिरी, मग पिवळ्याचे दोन पातळ हात. गुलाबीवरचा पिवळा उबदार दिसतो, एकदा करून बघा, नंतर दुसरं काही करावंसं वाटणार नाही.

साखळीच्या चिलखताला डोकं लावू नका. काळा, वर धातूच्या रंगाचा ड्रायब्रश, वर काळसर वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग). एक मात्र: धातूचे रंग ओल्या पॅलेटवर (ओल्या स्पंजवरच्या कागदावर) घेऊ नका. त्यातला चमचमता चुरा पाण्यात पसरतो आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक रंगात चांदी येते. माझ्या एका साधूच्या दाढीत अजून आहे.

चेहऱ्यात डोळे आधी करा. खोबणीत गडद तपकिरी, त्यात मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, मध्ये ठिपका. कितीही सांडलं तरी चालतं, कारण त्वचा नंतर भोवतीने येते आणि सगळं आवरून घेते. उलट क्रमाने केलंत तर डोळा हुकला की चेहरा पुन्हा. तुमचा गडी खाली बघतोय, त्याच्या तर पापण्याच रंगवा, डोळे मिटलेले. सुटलात.

नवखी_०१
ठिपक्यासाठी सगळ्यात बारीक कुंचला घेतला, तीन शून्यांचा. मॉडेलपर्यंत नेईपर्यंत त्यावरचा रंग वाळतो! मीच हळू आहे का?

भिंगवाली
तू हळू नाहीस गं. त्या कुंचल्याच्या पोटात रंगच मावत नाही. एक किंवा दोन नंबरचा घे, टोक टाचणीसारखं असलेला. पोट भरलेलं असलं की टोक ओलं राहतं. रंग केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीपर्यंत चढू देऊ नकोस, तिथे वाळला की टोक फाकतं आणि मग कुठलाही साबण ते मिटवत नाही. ड्रायब्रशसाठी जुना फाकलेलाच वापर.

अर्धवट_पलटण
आपत्ती.

झालेला होता. झूल, झेंडा, मिटलेले डोळे, सगळं. बाहेर पावसाची रिपरिप होती, तरी राहवलं नाही, दारात उभा राहून मॅट वार्निशचा स्प्रे मारला. अर्ध्या तासात सगळ्या अंगावर दुधाची साय आल्यासारखं पांढुरकं. तांबडी झूल भुताची झालीय. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सगळं काढून पहिल्यापासून करू का?

चिमटा
बुडवाल तर खबरदार. अल्कोहोल रंग काढेल, प्लास्टिकला सहसा काही होत नाही, पण पंधरा दिवसांचं काम त्यासोबत जाईल. आणि उद्या कुणी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला तर ऐकू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनने गड्याचं डबकं होईल.

स्प्रूमास्तर
ही साय रंगात नाही, वार्निशच्या थरात आहे. दमट हवेत वाळताना थर धुरकट होतो, आणि जाड मारला असेल तर जास्तच. पूर्ण वाळू द्या, आजच्या दिवस हात लावू नका. उद्या ग्लॉस वार्निश कुंचल्याने, पातळ, आधी बेसजवळ टाचेवर लावून बघा. बहुतेक वेळा धुरकटपणा तिथल्या तिथे विरतो. मग अख्ख्या अंगावर लावा. चकाकेल, घाबरू नका. ते वाळल्यावर मॅट वार्निशही कुंचल्याचंच लावा. स्प्रेचा डबा कोरड्या दिवसासाठी ठेवा, वीस-तीस सेंटीमीटरवरून, झटक्याझटक्याने.

रात्रपाळी
माझे एकोणतीस कधीच वार्निश होऊन डब्यात गेले असते. नुसतं नोंदवतोय.

अर्धवट_पलटण
टाचेवर लावलं. गेलं! मग झुलीवर, मग सगळीकडे. एक दिवस तो साखरेच्या पाकातून काढल्यासारखा चमकत होता, आज मॅट लावल्यावर माणसात आला. झेंड्याच्या एका घडीत थोडी साय राहिलीय, ती मी धूळ म्हणून खपवणार आहे. बेसवर पीव्हीए गोंद, वाळू आणि त्याच्या पायापाशी टाकून दिलेली एक ढाल, २५ मिमीच्या आत, नाना.

मधोमध ठेवला. भोवतीचे सगळे त्याच्या बाजूने पळत सुटलेत आणि हा एकटा काठीवर रेललाय. बघावं तर आता तोच बरोबर वाटतो आणि बाकीचे कुठे निघालेत ते कळत नाही.

दुसऱ्याला करवत लावलीय. पाय या वेळी डबीत ठेवलाय.